प्रायव्हसी पॉलिसी लिहायच्या आधी स्वतःचाच कोर्स विकत घ्या

हार्मोनियम, अबॅकस, बिनअंड्याचे केक, शिष्यवृत्तीची तयारी... लोक काय काय ऑनलाइन शिकवतात आणि त्यांच्या वेबसाइट मी बांधतो. पेमेंट चालू झालं, व्हिडिओ चढले, की उद्घाटनाच्या आदल्या रात्री हमखास फोन येतो, "अरे, ते पॉलिसीचं पान राहिलंय. कुठूनतरी टाक ना." ते पान म्हणजे ग्राहकाची कोणती माहिती आपण घेतो आणि तिचं काय करतो हे सांगणारं पान. आणि हे 'कुठूनतरी' बहुतेक वेळा अमेरिकेत असतं. मग पानावर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क झळकतात आणि गिऱ्हाईक असतं बार्शीचं.

कॉपी केलेल्या पानात 'आम्ही तुमच्या कार्डाचा तपशील सुरक्षित साठवतो' असंही एक वाक्य सापडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्यासारख्या विक्रेत्याला ग्राहकाचा कार्ड नंबर साठवताच येत नाही. म्हणजे न केलेला गुन्हा आपणच कबूल करून मोकळे!

तेव्हा नमुना बंद करा आणि एक रुपयाचं कूपन बनवून स्वतःचाच कोर्स विकत घ्या. सगळं काम या पायरीवर आहे, आणि मी स्वतः आपटलो तोही इथेच.

झालं असं. मुलांच्या एका कोर्सच्या साइटवर मी ऐटीत लिहिलं होतं, 'तुमची माहिती आम्ही कोणालाही देत नाही.' महिनाभरात एका पालकांची मेल आली. खरेदीनंतर उघडणाऱ्या 'धन्यवाद' पानाच्या पत्त्यातच त्यांच्या मुलीचं नाव आणि त्यांचा मोबाइल नंबर दिसत होता. फॉर्मच्या प्लगइनने (साइटला जोडलेल्या तयार प्रोग्रॅमने) तो मजकूर पत्त्याला जोडला होता, आणि त्या पानावर जाहिरातीचा पिक्सेल (कोणी काय बघितलं हे जाहिरात कंपनीला कळवणारा छोटा कोड) आणि अ‍ॅनालिटिक्स (साइटवरची वर्दळ मोजणारी सेवा) दोन्ही चालू होते. पानाचा पत्ता दोघांकडेही जातो. म्हणजे नाव आणि नंबर साइट सुरू झाली त्या दिवसापासून बाहेर जात होते. खोटं लिहायचा माझा हेतू नव्हता, मी फक्त बघितलं नव्हतं.

आता मी असं करतो. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब (पान कोणाकोणाशी बोलतं त्याची यादी दाखवणारा) चालू ठेवायचा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या धड्यापर्यंत जायचं. आपल्या डोमेनशिवाय जे जे नाव त्या यादीत दिसेल, ते वहीत उतरवायचं. पैसे घेणारा पेमेंट गेटवे, व्हिडिओ ठेवणारी सेवा, पिक्सेल, अ‍ॅनालिटिक्स ही नावं अपेक्षित असतात. चॅटचा तो गोल गोल बुडबुडा आणि दोन वर्षांपूर्वी कुणीतरी टाकून विसरलेला कोड ही नावं मात्र दचकवतात. जे कामाचं नाही ते त्याच दिवशी काढा. पॉलिसीत एक ओळ वाढवण्यापेक्षा साइटवरचा एक कोड कमी करणं केव्हाही बरं. पिक्सेलमध्ये ई-मेल आणि फोन आपोआप जुळवायची सोय असते, तीही चालू आहे का बघा. नंबर सांकेतिक रूपात जातो म्हणून तो गेलाच नाही असं होत नाही.

नेटवर्क टॅबमध्ये न दिसणाऱ्या दोन गळत्या आहेत. पहिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दोनशे विद्यार्थ्यांना एका ग्रुपात घातलंत, की प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना मिळाला. त्यात बायका असतात, कॉलेजच्या मुली असतात, आणि रात्री अकराला 'हाय' कोणाला येतो हे मी सांगायला नको. घोषणांसाठी चॅनेल वापरा, नाहीतर ग्रुपात येणं ऐच्छिक ठेवा आणि तसं लिहा. दुसरी लाइव्ह वर्गाचं रेकॉर्डिंग. तेच रेकॉर्डिंग पुढच्या बॅचला विकणार असाल, तर आजच्या विद्यार्थ्याचा चेहरा, आवाज आणि मागून जाणारी त्याची आजी हेही तुम्ही विकताय. एक तर विद्यार्थ्यांचे चौकोन वगळून रेकॉर्ड करा, नाहीतर आधी स्पष्ट विचारा. 'वर्गात येणं म्हणजे संमती' हे मला मान्य नाही.

ही वही भरली, की पॉलिसी तासाभरात होते. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: काय जातं, कशासाठी जातं, किती दिवस राहतं.

'खातं बंद केलंत की सगळं पुसून टाकू' असं मात्र लिहू नका. जीएसटी नोंदणी असेल तर बिलं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिलं राहतील, बाकीचं पुसू, असं खरं लिहा.

अठरा वर्षांखालची मुलं शिकत असतील तर इथे थांबा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यानुसार मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर रोखलेल्या जाहिराती चालत नाहीत. चुकलात तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत सूट आहे, पण ती शिकवण्यासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी लागणाऱ्या देखरेखीपुरती. तिच्या आडोशाने पिक्सेल ठेवता येईल असं सांगणारे सल्लागार मला भेटलेत. मी मुलांच्या साइटवर पिक्सेल लावतच नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं.

संमतीची चौकट आधीच टिक केलेली नको. खरेदीची आणि जाहिरातीच्या मेसेजची संमती वेगवेगळी घ्या. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, हे कायद्यातच आहे.

भाषा? कोर्स मराठीत असेल तर पॉलिसीही मराठीत. कोणती माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय कायद्याने द्यायची आहे, आणि त्या २२ भाषांत मराठी आहे. 'सदरहू', 'उपरोक्त' नको. सातवीतल्या मुलाच्या आईला फोनवर वाचता आलं पाहिजे.

तक्रारीसाठी माणसाचं नाव आणि कोणीतरी रोज उघडतं असा ई-मेल द्या. २०११ च्या आयटी नियमांतही तक्रार अधिकारी नेमून महिन्याभरात निवारण करायला सांगितलं आहे.

जर्मनीतल्या मराठी मुलांसाठी म्हणून युरोमध्ये किंमत लावून वर्ग विकत असाल, तर युरोपचा डेटा संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, लागू होतो. त्याला मात्र वकील गाठा.

पानावर तारीख टाका, दुवा तळाशी आणि पैसे भरायच्या बटणाजवळही द्या. नवं प्लगइन बसवलं की पुन्हा एक रुपयाचं कूपन काढा. माझ्या नावावर आत्तापर्यंत केकचे चार कोर्स आहेत, आणि ओव्हन घरात नाही.