संगणकाची वेळ नेटवर्कवरून जुळवताना या चुका टाळा

लिनक्स किंवा बीएसडी प्रणालीवर वेळ जुळवणारी सेवा सुरू केली आणि तिची स्थिती 'चालू' अशी दिसली, की पुष्कळ जण काम झाले असे समजून तिथेच थांबतात. बहुतेक अडचणींचे मूळ याच समजुतीत असते. सेवा चालू असणे वेगळे आणि घड्याळ खरोखर जुळलेले असणे वेगळे. वेळ जुळवणारी सेवा क्रॉनी असल्यास 'क्रॉनीसी सोर्सेस' ही आज्ञा चालवून एखाद्या सर्व्हरपुढे तारांकन, म्हणजे घड्याळ त्याच्याशी जुळवले जात असल्याची खूण, आले आहे का ते पाहावे. एनटीपीडी ही दुसरी सेवा असल्यास तीच खूण 'एनटीपीक्यू'च्या तक्त्यात शोधावी. तेथील 'रीच' हा आकडा अष्टमान पद्धतीत शेवटच्या 8 विचारणांचा हिशेब देतो. तो 377 असेल तर आठही उत्तरे आली, आणि बराच वेळ 0 च राहिला तर एकही आलेले नाही. अशा वेळी आधी फायरवॉल तपासावी, कारण एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ पुरवण्याची ठरलेली पद्धत, यूडीपी या संदेशवहन पद्धतीच्या 123 क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि संकेतस्थळे नीट उघडतात म्हणून हा मार्गही खुला असेलच असे नाही.

एकाच सर्व्हरवर विसंबू नये, कारण तो चुकला तरी ते कळण्याचा मार्ग उरत नाही. दोन सर्व्हर दिल्याने प्रश्न सुटत नाही. दोघांत मतभेद झाला तर खरे कोणाचे मानायचे? तिघांमध्ये एक चुकीचा वेगळा पडतो आणि चौथा असला की एक बंद पडूनही ही पडताळणी चालू राहते, म्हणून मी चारच सुचवीन. मात्र गूगलचे सार्वजनिक वेळ-सर्व्हर लीप सेकंद, म्हणजे जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद, 24 तासांवर पसरवून देतात. त्या काळात इतर सर्व्हरांशी त्यांचा फरक अर्ध्या सेकंदापर्यंत जातो, तेव्हा त्यांची इतरांशी सरमिसळ करू नये.

एकाच यंत्रावर क्रॉनी, एनटीपीडी आणि सिस्टमडी-टाइमसिंकडी यांपैकी दोन सेवा एकाच वेळी घड्याळ ओढत नाहीत ना, हेही पाहावे.

फरक फार मोठा असेल तर एनटीपीडी मूळ मांडणीत 1000 सेकंदांपलीकडे दुरुस्ती नाकारून बंद पडते. त्यासाठी ती सुरू करताना 'जी' हा पर्याय द्यावा लागतो. ती घड्याळ हळूहळू सरकवते तेव्हा सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद दुरुस्ती होते, म्हणजे एका सेकंदाच्या चुकीला 2000 सेकंद लागतात. हा संथपणा हेतुपुरस्सर आहे, कारण डेटाबेस चालू असताना वेळ अचानक मागे गेली तर नोंदींचा क्रम उलटापालटा होतो. क्रॉनीतील 'मेकस्टेप', म्हणजे घड्याळ एका उडीत बरोबर करण्याची सूचना, म्हणूनच सुरुवातीच्या मोजक्या मोजमापांपुरतेच ठेवावे.

तफावत नेमक्या तासांची किंवा अर्ध्या तासाच्या पटीत दिसली तर हाताने वेळ बदलू नये. एनटीपी केवळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, पुरवते. दोष बहुधा टाइमझोनचा किंवा हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवल्याचा असतो.

सर्वांत फसवी चूक मात्र एनटीपीडीच्या जुन्या मांडणी-फायलींत आढळते. त्यांत 127.127.1.0 हा पत्ता सर्व्हर म्हणून दिलेला असतो. तो म्हणजे यंत्राचे स्वतःचेच घड्याळ. बाहेरचे सर्व्हर तुटले की तारांकन त्याच्यापुढे येते, फरक शून्य दिसतो आणि घड्याळ भरकटत राहते. हे यंत्र इतरांना वेळ पुरवत नसेल, तर ती ओळ आणि तिच्या जोडीची 'फज' ही ओळ काढून सेवा पुन्हा सुरू करावी, आणि तारांकन कोणत्या नावापुढे येते ते पाहावे.