एचडी कॅमकॉर्डरचं चित्रण धूसर का दिसत होतं : माझा अनुभव

आजीचं रामकुंडावरचं चित्रण मी एचडी कॅमकॉर्डरवर केलं होतं. पंचवटीतल्या घरी टीव्हीवर लावलं, तर तिचा चेहराच नीट दिसेना. आई म्हणाली, "अरे, लेन्स पुसली होतीस ना?" लेन्स स्वच्छ होती.

दोष वायरचा निघाला. मी पिवळी-लाल-पांढरी वायर जोडली होती. पिवळ्या वायरमधून एचडी जातच नाही. आपल्याकडच्या 'पाल' (PAL) या जुन्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत फार तर ७२० × ५७६ ठिपक्यांचं (पिक्सेलचं) चित्र पोचतं, म्हणजे १९२० × १०८० च्या पूर्ण एचडी चित्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. टीव्ही तेच ताणून पडदाभर दाखवतो. एचडी चित्र नेणारी एचडीएमआय वायर लावली आणि आजीच्या नऊवारीचे काठसुद्धा उठून दिसले. किती बरं वाटलं! (साध्या डीव्हीडीवर उतरवलेलं चित्रणही याच कारणाने मऊ दिसतं.)

लॅपटॉपवर मात्र हलत्या हातांभोवती कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येत होत्या. आमचा कॅमेरा १०८०आय मध्ये चित्रण करतो : सेकंदाला ५० अर्धचित्रं, प्रत्येकात ५४० ओळी, एकदा विषम, एकदा सम. मधल्या क्षणात हात सरकतो, म्हणून ओळी जुळत नाहीत. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (अर्धचित्रांपासून पूर्ण चित्रं बनवण्याची सोय) चालू करून त्यातली 'याडिफ २एक्स' ही पद्धत निवडली, रेघा गेल्या. मूळ फाइल्स तशाच जपून ठेवल्या आहेत; दर वेळी कन्व्हर्ट केलं की तपशील झिजतो.

संध्याकाळच्या आरतीचा भाग अजून धूसरच आहे. कमी उजेड, हातात कॅमेरा, वर डिजिटल झूम. ते आता सुधारणार नाही. पुढच्या वेळी ट्रायपॉड नेणार.