पिस्टन अडकला तरी खोबरेल नको

ठाण्याच्या दमट हवेत पावसाळाभर पेटीत पडलेला ट्रम्पेट गणपतीच्या तोंडावर काढला की पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायचा दट्ट्या, हमखास अडकतो. हाताशी आहे म्हणून खोबरेल सोडू नका. मी सोडलं होतं; नुसता चिकटा झाला. पिस्टन एकेक काढा, त्यावरचा १, २, ३ आकडा बघून ठेवा. अदलाबदल झाली तर फुंक नीट जात नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ फडकं, मग व्हॉल्व्ह ऑइल, म्हणजे पिस्टनसाठीचं पातळ तेल. पॉलिश पेपर अजिबात नको. धातू झिजला की हवा गळते. पिस्टनला जोडलेली सरकती नळी, म्हणजे स्लाइड, ओढताना त्याच नंबरचा पिस्टन दाबून धरा, नाहीतर ती आत ओढ घेते. तरीही हलली नाही तर पक्कड न लावता कारागिराकडे न्या.