देणगीदारांच्या शिष्यवृत्त्या आणि पुरस्कार: अर्ज करताना या चुका टाळा

छाननीच्या पहिल्याच फेरीत बाजूला पडलेले अर्ज काढून बघितले, तर त्यांत चांगल्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरपूर सापडतात. गुण उत्तम, संशोधनाचा विषय नेमका, निबंधही बरा. फक्त जाहिरातीतली तिसरी ओळ वाचलेली नसते. एम.एस्सी. किंवा पीएचडी करणारा माणूस दोन पानांची सूचना शेवटपर्यंत वाचेल, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. तरी दर वर्षी तेच. म्हणून ही उजळणी. यातल्या दोन चुकांवर जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यांनीच होतं.

अट आणि प्राधान्य यांची गल्लत

आधी हा पैसा येतो कुठून ते समजून घ्या. देणगीदार विद्यापीठाला एक रक्कम देतो आणि सोबत देणगीपत्रावर सही करतो. रक्कम गुंतवली जाते. निधीच्या मागच्या काही वर्षांच्या सरासरी मूल्यावर साधारण ४ ते ५ टक्के दर वर्षी खर्चाला काढायचे आणि मुद्दल शाबूत ठेवायचं, अशी बऱ्याच विद्यापीठांची पद्धत आहे. बाजार पडला की एखाद्या निधीतून त्या वर्षी काहीच निघत नाही. हे पैसे कुणाला द्यायचे ते देणगीपत्रात लिहिलेलं असतं आणि निवड समितीला त्यात स्वतःच्या मनाने फेरफार करता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीची ऱ्होड्स शिष्यवृत्ती सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातून १९०३ मध्ये सुरू झाली, ती फक्त पुरुषांसाठी. ती अट काढायला ब्रिटनमध्ये कायद्याचा आधार घ्यावा लागला आणि १९७७ साली पहिल्या स्त्रिया ऱ्होड्स स्कॉलर झाल्या. देणगीदाराचं वाक्य किती चिवट असतं ते यावरून कळावं.

आता मेख. या कागदांत दोन प्रकारची वाक्यं असतात. ‘अर्जदार अमुक असला पाहिजे’ ही अट. ‘अमुक असणाऱ्यास प्राधान्य’ ही पसंती. अटीत बसत नसाल तर तुमचा अर्ज कितीही देखणा असो, तो पुढे जात नाही. पसंतीत बसणारं कुणी आलंच नाही, तर मात्र समिती उरलेल्यांकडे वळते, कारण पैसे पडून राहावेत असं कुणालाच वाटत नसतं.

विद्यार्थी नेमकं उलटं करतात. अट दिसली की ‘विनंती करून बघू’ म्हणून तीन पानांचं पत्र जोडतात. प्राधान्य दिसलं की ‘आपल्याला नाही’ म्हणून पान बंद करतात.

एका निधीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोड्या पाण्यावर काम करणाऱ्या संशोधकांना प्राधान्य, असं त्याच्या जाहिरातीत लिहिलेलं. वनस्पतिशास्त्रातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचं काम नदीकाठच्या झुडपांवर होतं. जाहिरात तिने वाचली, ‘पाण्यावर’ म्हणजे जलविज्ञानवाल्यांसाठी असं ठरवलं आणि सोडून दिली. त्या वर्षी जलविज्ञानातून एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या कुठूनही आला नाही. रक्कम परत निधीत गेली. पुढच्या वर्षी तिच्याच विभागातल्या, तिच्यापेक्षा एक वर्ष मागे असलेल्या मुलाने कार्यालयाला तीन ओळींची ईमेल टाकली: माझा विषय असा आहे, मी अर्ज करू शकतो का? उत्तर आलं, ‘जरूर करा.’ त्याचं संशोधन तर पाण्यापासून आणखी लांब होतं. शिष्यवृत्ती त्याला मिळाली. तिला हे कळलं तेव्हा ती प्रबंध जमा करत होती आणि तोवर ती पात्रही राहिली नव्हती.

यावरचा उपाय साधा आणि जुनाट आहे. जाहिरात कागदावर छापून घ्या. अटी लाल पेनने अधोरेखित करा, पसंती हिरव्याने. लाल ओळींपैकी एकही तुटत असेल तर तिथेच थांबा. केंब्रिज विद्यापीठात शिकण्यासाठीची गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती ब्रिटिश नागरिकांना मिळत नाही. तिथे गुणपत्रिका दाखवून काही उपयोग नाही. हिरव्या ओळींपैकी निम्म्याही जुळत नसतील तरी अर्ज करा. शंका असेल तर कार्यालयाला विचारा, पण एकाच ईमेलमध्ये एकच प्रश्न. चार परिच्छेदांच्या ईमेलला सावकाश उत्तर येतं, आणि त्यात तुमचा मूळ प्रश्न हमखास सुटलेला असतो.

लाल ओळींत एक ओळ सगळ्यांच्या नजरेतून निसटते: पैसे मिळतील त्या सत्रात विद्यार्थी म्हणून नोंदणी चालू असली पाहिजे. निकाल वसंतात, रक्कम पुढच्या शैक्षणिक वर्षात आणि तुमची पदवी मधल्या उन्हाळ्यात, असं झालं की मिळालेला पुरस्कार हातातून जातो. अर्ज करण्याआधी पदवीची अपेक्षित तारीख गाईडशी बोलून पक्की करा. अर्धवेळ नोंदणी करायच्या विचारात असाल तर तेही आधी विचारून घ्या.

एक अर्ज की दोन

काही ठिकाणी प्रवेशाच्या अर्जावरच शिष्यवृत्तीचा विचार होतो. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन निधीसाठी वेगळा अर्ज नसतो, पण प्रवेशाचा अर्ज डिसेंबर-जानेवारीतल्या ठरलेल्या मुदतीतच जावा लागतो. उलट स्टॅनफर्डच्या नाइट-हेनेसी कार्यक्रमाला (नाइकी कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट यांनी २०१६ मध्ये ४० कोटी डॉलर जाहीर केले तोच) एक अर्ज कार्यक्रमाकडे आणि दुसरा विभागाकडे, असे दोन करावे लागतात. यातला एकच करून निर्धास्त बसणारे दर वर्षी असतात. आणि मुदत ‘रात्री ११:५९’ असेल तर ती कुठल्या घड्याळाची ते बघा. मुळात शेवटच्या रात्री अर्ज भरणाऱ्यांना फार सहानुभूती दाखवावी असं मला वाटत नाही. पोर्टल त्या रात्री अडकतं हे कुणाला माहीत नाही?

शिफारसपत्रं

मोठं नाव शोधत फिरू नका. विभागप्रमुखांनी लिहिलेल्या ‘विद्यार्थी मेहनती व होतकरू आहे’ या पाच ओळींपेक्षा, ज्या प्राध्यापिकेने तुमचे दोन मसुदे लाल शाईने भरून टाकले तिचं एक पान समितीला जास्त काही सांगतं.

किमान चार आठवडे आधी विचारा आणि विचारतानाच सगळं हातात द्या: जाहिरात, तुमचा सीव्ही, निबंधाचा मसुदा, त्यांच्याकडे केलेल्या कामाचे चार-पाच मुद्दे, मुदतीची तारीख. निकष चार असतील तर कोणत्या निकषाबद्दल त्यांनी लिहावं तेही सुचवा. गेट्स केंब्रिजचे निकष बौद्धिक कुवत, अभ्यासक्रम निवडण्याची कारणं, इतरांचं आयुष्य सुधारण्याची बांधिलकी आणि नेतृत्व असे आहेत. तीनही पत्रं फक्त पहिल्यावरच आली तर बाकीच्या तीन रकान्यांत समिती काय लिहिणार? घोडं आणखी एका ठिकाणी अडतं. पुष्कळ पोर्टल शिफारसकर्त्याला लिंक पाठवतात ती तुम्ही त्यांचा पत्ता भरल्यावरच, काही तर अर्ज पूर्ण जमा झाल्यावर. म्हणून पत्ते पहिल्या दिवशी भरा, लिंक स्पॅममध्ये गेली का ते विचारा, मग मुदतीच्या दहा दिवस आधी एक आणि तीन दिवस आधी एक आठवण द्या. रोज देऊ नका.

प्रवास आणि संशोधन अनुदानाचं अंदाजपत्रक

गोल आकडा दिसला की परीक्षकाची भुवई वर जाते. ‘प्रवास व इतर’ अशी एकच ओळ लिहिणं म्हणजे विचार केलेला नाही हे स्वतःच सांगणं. रकाने करा: बाब, कशावरून धरली, किती नग किंवा रात्री, दर, एकूण, आणि यातलं दुसरीकडून किती मिळणार. सहा रात्री राहायचं असेल तर सहाच लिहा, परिषद तीनच दिवसांची असेल तर उरलेल्या तीन रात्री कशासाठी ते एका वाक्यात सांगा. भाड्याचा दर ज्या दिवशी पाहिला ती तारीख टाका. लॅपटॉप मागण्याआधी उपकरणं चालतात का ते वाचा. बहुतेकदा चालत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. असं अनुदान पुष्कळदा आधी खर्च करा, मग भरपाई घ्या या पद्धतीने मिळतं, म्हणजे पैसे तुम्हालाच आधी उभे करावे लागतात आणि पावत्या, बोर्डिंग पास, नोंदणीची पावती सगळं जपावं लागतं. आणि मंजुरीच्या तारखेआधी काढलेलं तिकीट सहसा धरलं जात नाही. ‘स्वस्त मिळालं म्हणून आधीच काढलं’ हे कारण लेखापालाला पटत नाही, पटूही नये.

दुसरी मदत लपवणं

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की विद्यापीठ स्वतःची मदत तेवढ्याने कमी करू शकतं. हे कळल्यावर काही जण गप्प बसायचं ठरवतात. हा शॉर्टकट महागात पडतो, कारण बाहेरची रक्कम बरेचदा विद्यापीठाच्या खात्यातूनच येते आणि आधी थकलेल्या फीमध्ये वळती होते. लपत काहीच नाही, फक्त वसुली मागाहून होते. त्याऐवजी निकाल लागताच विचारा: कपात होणारच असेल तर ती मदतीतल्या कर्जाच्या भागातून करता येईल का, किंवा रक्कम पुढच्या सत्रात ढकलता येईल का? काही ठिकाणी होतं.

थोडक्यात उरकण्यासारख्या काही

शिष्यवृत्तीला कायम फुकटचा पैसा समजू नका: जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून देते ती कर्ज शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते. दुसऱ्या पुरस्काराचं नाव निबंधात तसंच राहिलं तर पुढचं कुणी वाचत नाही. आर्थिक गरज सांगताना आकडे द्या, उसासे नकोत. छोट्या पुरस्कारांना नाक मुरडू नका, तिथे गर्दी कमी असते. अर्जासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागणाऱ्या अनोळखी ट्रस्टला पैसे देऊ नका. समितीत तुमच्या विषयाबाहेरची माणसं असतात, त्यामुळे पहिल्या परिच्छेदात संक्षेप आणि परिभाषा टाळा. यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध गुळगुळीत असतो. शेजारी दहा तसलेच असले की सगळेच एकदम खाली जातात. करही बघून ठेवा: अमेरिकेत पदवीसाठी शिकणाऱ्याच्या शिष्यवृत्तीतला फी, पुस्तकं आणि आवश्यक साहित्यावर गेलेला भाग करमुक्त असतो, राहण्याजेवणावरचा नाही.

आभारपत्र

ही दुसरी मोठी चूक. आणि ती पैसे मिळाल्यावर होते, म्हणून कुणी तिला चूकच मानत नाही.

एका कुटुंबाने संशोधन करत असतानाच वारलेल्या मुलीच्या नावाने पुरस्कार ठेवला होता. निधीच्या माहितीत हे पहिल्याच ओळीत होतं. पुरस्कार मिळालेल्या विद्यार्थ्याने ती ओळ वाचली नाही. जुन्या एका आभारपत्रात नाव बदललं आणि पत्र त्या मुलीलाच लिहिलं: ‘आपल्या औदार्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपणास उत्तम आरोग्य लाभो, प्रत्यक्ष भेटीची इच्छा आहे.’ कार्यालय एरवी पत्रं वाचून पुढे पाठवतं. त्या वेळी गठ्ठा तसाच गेला. वडिलांचं उत्तर दोन ओळींचं आलं. मुलगी आता नाही, आणि यापुढे आम्हाला विद्यार्थ्यांची पत्रं पाठवू नयेत. पुरस्कार चालू राहिला, पण पुढच्या मुलांचं चांगलं पत्रही त्या घरापर्यंत पोचेना.

म्हणून आधी निधीची माहिती वाचा. कुणाच्या स्मरणार्थ आहे, देणारं कोण आहे, हयात कोण आहे. कळत नसेल तर कार्यालयाला विचारा आणि इंटरनेटवर देणगीदाराचा पत्ता शोधून परस्पर पाठवू नका. काहींनी नाव गुप्त ठेवलेलं असतं. अशांना ‘आदरणीय देणगीदार’ पुरे. पत्र दोन आठवड्यांत द्या, काही विद्यापीठं ते आल्याशिवाय रक्कमच सोडत नाहीत. अडीचशे-तीनशे शब्द खूप झाले: तुम्ही कोण, कशावर काम करता (शेजारच्या काकांना समजेल असं), या पैशाने नेमकं काय झालं, आणि आभार. रकमेचा आकडा लिहायची गरज नाही. ‘संशोधनास मोठा हातभार लागला’ असं मोघम नको; ‘या पैशामुळे उन्हाळ्यात शिकवणी न घेता दुसरं प्रकरण पूर्ण करता आलं’ असं लिहा. पुढच्या वर्षीची मागणी त्या पत्रात अजिबात नको. शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, विशेषतः देणगीदाराच्या आडनावाचं.

शिष्यवृत्ती दोन-तीन वर्षांची असेल तर नूतनीकरण आपोआप होतं असं धरून चालू नका. त्यासाठी बहुधा प्रगतीचा अहवाल, गाईडची सही आणि ठरलेली श्रेणी टिकवल्याचा पुरावा लागतो. मंजुरीचं पत्र आलं त्याच दिवशी या तीन गोष्टींची मुदत कॅलेंडरमध्ये टाका, आणि गाईड सुट्टीवर कधी जाणार आहेत तेही त्याच वेळी विचारून घ्या.