तोरिनोत कोदिचे फिस्कालेचा घोळ असा सुटला

तोरिनोत घरभाड्याचा करार अडला, कारण विद्यापीठ-प्रवेशाच्या पोर्टलने काढलेला माझा कोदिचे फिस्काले पासपोर्टशी जुळेना. हा इटलीचा १६ अक्षर-अंकांचा कर-क्रमांक. बँक, सिम, भाडेकरार, सगळीकडे लागतो. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचंही नाव असतं, खरी गोम तिथेच. या क्रमांकातली काही अक्षरं नावातून येतात; नावात चार किंवा जास्त व्यंजनं असली की पहिलं, तिसरं, चौथं घेतात. वडिलांचं नाव गळलं की क्रमांकच बदलू शकतो! आजेंझिया देल्ले एन्त्राते या कर-कार्यालयात पासपोर्ट घेऊन एए४/८ अर्ज भरला, योग्य क्रमांक मोफत मिळाला. तोच विद्यापीठाला कळवला. नव्याने येणाऱ्यांनो, ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरचा क्रमांक करारात कृपया घालू नका.