आउटबोर्डचा पॉवर टिल्ट-ट्रिम बिघडला? पंप बदलण्याआधी एवढं तपासा

पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली बोट ऑगस्टमध्ये पाण्यात उतरवताना जुन्या आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची, हमखास तक्रार: बटण दाबलं तरी इंजिन उचलत नाही. इंजिन वर-खाली करणारं पॉवर टिल्ट-ट्रिम युनिट (मोटर, पंप आणि सिलिंडर) नवं घेणं महाग असतं आणि बऱ्याचदा ते लागतही नाही. इथे दोन वायरींच्या मोटरचं युनिट धरलं आहे. यामाहाच्या इंजिनांत आकाशी वायर वर नेण्याची, फिकट हिरवी खाली आणण्याची.

इंजिनाखाली हात घालण्याआधी टिल्ट लॉक, म्हणजे उचललेलं इंजिन अडकवून ठेवणारा खटका, लावा. शंभर किलोंवरचं धूड फक्त ऑइलच्या दाबावर उभं असतं.

आता बटण दाबा आणि कान द्या.

काहीच आवाज नसेल तर बॅटरी पाहा. चार्ज बॅटरी शांत असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. बटण दाबल्यावर 10.5 च्या खाली घसरली तर बॅटरी किंवा टर्मिनल. मग फ्यूज. तार धड दिसली तरी पायांवर हिरवा गंज चढलेला असतो, म्हणून काढून घासा. रिमोटच्या हँडलवरचं बटण मेलंय पण काउलिंगवरचं (इंजिनाच्या झाकणावरचं) चालतंय? मग वायर बहुधा हँडलच्या वळणात तुटली आहे.

नुसतं ‘टक्’ वाजून मोटर गप्प राहत असेल तर संशय रिलेवर, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. वर नेण्याचा एक, खाली आणण्याचा एक. इथेच लोक फसतात. बटण सोडलेलं असताना दोन्ही रिले आपापली वायर अर्थला जोडून ठेवतात. वरचं बटण दाबलं की आकाशी वायरला 12 व्होल्ट मिळतात आणि करंट हिरव्या वायरीने, खालच्या रिलेमधून अर्थला परततो. म्हणजे इंजिन वर जात नसेल तर दोष खाली आणणाऱ्या रिलेच्या जळक्या पॉइंटमध्येही असू शकतो. दोन्ही रिले सारखे असतील तर अदलाबदल करून पाहा. बिघाडाची दिशा उलटली तर रिलेच बदला.

रिले ठीक असतील तर मोटरला थेट बॅटरी द्या, पण आधी तिच्या दोन्ही वायरी लूममधून (इंजिनाच्या वायरींच्या जुडग्यातून) सोडवा. जोडलेल्या ठेवून पॉझिटिव्ह लावलात तर करंट रिलेतून सरळ अर्थला जाईल आणि वायर जळेल. थेट देऊनही मोटर फिरली नाही तर मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजलेत किंवा आत खारं पाणी शिरलंय. मोटरच्या पत्र्याच्या डब्यावर रंगाला फोड आले असतील तर पाणी शिरल्याचीच शक्यता जास्त. नवी मोटर बसवताना बुडाची ओ-रिंगही (रबरी कडं) नवी घाला, नाहीतर पुढच्या मोसमात पुन्हा हेच.

मोटर घरघरते पण इंजिन जागेवरच? ब्रॅकेटच्या बाजूच्या भोकात मॅन्युअल व्हॉल्व्हचा मोठा स्क्रू असतो; तो सैल केला की ऑइलचा दाब सुटतो. कोणीतरी हाताने इंजिन उचलायला तो सैल केलेला असतो आणि घट्ट करायचा राहतो. रिव्हर्समध्ये इंजिन उसळत असेल तरी आधी हाच स्क्रू पाहा. उचललेलं इंजिन रात्रीत हळूहळू खाली येत असेल तर या व्हॉल्व्हची ओ-रिंग, पंपाचे चेक व्हॉल्व्ह (ऑइल मागे येऊ न देणारे) किंवा सिलिंडरचे सील गेलेत. रॉडवर तेलाचा ओघळ दिसला तर सीलच.

अर्ध्यापर्यंत चढून थांबणं हे ऑइल कमी असल्याचं लक्षण. ऑइलचं झाकण इंजिन पूर्ण वर आणि लॉक केलेलं असतानाच उघडा. खाली असताना उघडलंत तर ऑइल दाबाने तोंडावर उडतं. टिल्ट चालतच नसेल तर मॅन्युअल व्हॉल्व्ह सैल करून दोघांनी उचला, लॉक लावा, व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट करा. पातळी भोकाच्या खालच्या काठाला लागली पाहिजे. बऱ्याच इंजिनांना डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, तरी मॅन्युअल पाहा. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी. ते सगळं काढून नवं भरा.

भरल्यावर झाकण लावून, लॉक काढून चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. दर खेपेला वर आल्यावर लॉक लावून पाच मिनिटं थांबा, मग पातळी पाहून भर घाला. फेस येणं थांबलं की हवा निघाली. टोकाला पोचल्यावर मात्र बटण दाबून धरू नका, मोटर तापते.