गावातले जुने कारागीर शोधायचे तर

गावाचा इतिहास म्हटलं की लोक पाटील-देशमुखांची वंशावळ काढून बसतात. मी सुताराच्या घरातली. आमच्यासारख्यांची वंशावळ कुणी लिहून ठेवली नाही, कामाची नोंद मात्र जागोजागी राहिली. म्हणून माझं सांगणं एकच: आडनावाच्या मागे लागू नका, धंद्याचा माग काढा. जुन्या कागदात आडनाव पुष्कळदा नसतंच, 'रामा बिन सखाराम सुतार' एवढ्यावर काम भागतं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' दिसलं तर त्यापुढचं नाव नवऱ्याचं.

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून करा, कागद थांबतील. 'पूर्वी गाव कसं होतं?' असं विचारलंत तर 'चांगलं होतं' एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा, बैलगाडीच्या चाकाला धाव कुठं बसवायचे? मग बोलणं सुटतं. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल करायची, सांडशीनं उचलून लाकडी चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ती आकसून चाक आवळून धरते. हे काम सुतार आणि लोहार मिळून करायचे. त्यामुळे एकाचं घर कळलं की दुसऱ्याचं नाव आपोआप निघतं. तसंच तेल्याचा घाणा कुठं होता, कुंभाराचा आवा, म्हणजे भट्टी, कुठं लागायची, बलुतं कोणत्या खळ्यावर मिळायचं, हे विचारा. बायकांना वेगळं विचारा; बांगड्या भरायला येणारा कासार आणि बाळंतपणाला येणारी सुईण त्यांनाच आठवते.

माजघरातली भांडी बघायला विसरू नका. जुन्या हंड्या-कळश्यांवर नाव, गाव, कधीकधी सालही कोरलेलं असतं. चिंच लावून घासू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. उजेड तिरपा पाडून फोटो घ्या.

मग महसुली दप्तर. तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, मागा. सुतार, लोहार, न्हावी अशा गावकामगारांना सेवेबद्दल इनाम जमिनी असत. त्या इनामांबाबत १९५३ मध्ये, आणि महार वतनासारख्या कनिष्ठ गाव वतनांबाबत १९५८ मध्ये, ती नाहीशी करणारे कायदे झाले. त्यामुळे पन्नास-साठच्या दशकातले फेरफार आवर्जून चाळा. कोणाकडे कोणतं वतन होतं ते तिथं सापडतं. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जुनी पानं बहुधा मोडी लिपीत असतात. मोडी शिकून घ्या, किंवा जाणकाराला सोबत न्या, पण अंदाजानं वाचू नका. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, वर्षअखेरच्या पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९.

पुण्यासारख्या शहरात आळीच साक्ष देते. कसबा पेठेत तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा अशी नावं आजही आहेत. तिथं नगर भूमापनची मिळकत पत्रिका मागा. इंग्रज सरकारनं छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं जुनं पुस्तक, म्हणजे गॅझेटिअर, तेही वाचा. पुण्याचं १८८५ सालचं आहे. कोण कुठून आलं, काय बनवायचं, हे त्यात तपशिलानं मिळतं. मात्र जातींच्या स्वभावाबद्दल ते लिहिणाऱ्या इंग्रज साहेबांनी मारलेले शेरे उतरवून घेऊ नका. कारागिरीची माहिती तेवढी घ्या.

घराणं बाहेरगावाहून आलेलं असेल तर नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. यात्रेकरूंची नावं गावानिशी त्यांच्या वह्यांत असतात.

सापडलेलं सगळं घरागणिक एका पानावर लिहा: नाव, काम, जागा, आणि कुणी सांगितलं की कोणत्या कागदात दिसलं. कागदात जातीचा उल्लेख तुच्छतेनं केलेला असेल, किंवा कर्ज-भांडणाची नोंद असेल, तर त्या घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका. पान तयार झालं की आधी त्यांनाच वाचून दाखवा. चुका तिथल्या तिथे दुरुस्त होतात, आणि पुष्कळदा कोणी तरी उठून माळ्यावरची पेटी खाली काढतं.